निळ्या बुरशीचं नको असेल, तर बक्षीस मिळवलेलं कोणतं ब्रिटिश चीज आधी चाखावं?

कॉर्निश कर्न घ्या. कॉर्नवॉलमधल्या लिनर डेअरीजचं हे गायीच्या दुधाचं चीज २०१७ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये अव्वल ठरलं होतं. जवळपास सोळा महिने मुरवतात. बाहेरून काळा लेप, आत कडक आणि खमंग, मागाहून कॅरॅमलची गोडी. असं मुरलेलं चीज खाताना दाताखाली बारीक कण कुरकुरले तर ते मीठ समजू नका, प्रथिनं फुटून तयार झालेले अमिनो आम्लाचे स्फटिक असतात ते. फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवा, थंडगार खाल्लं तर निम्मी चव कळतच नाही. पुढेमागे निळ्याची हिंमत झालीच, तर आयर्लंडमधल्या टिपररीचं कॅशेल ब्लू बघा, स्टिल्टन या इंग्लंडच्या प्रसिद्ध निळ्या चीजपेक्षा मवाळ आणि लोण्यासारखं मऊ. शाकाहारी असाल तर मात्र आधी लेबल वाचा: बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात.