इंग्लंडमधल्या खेड्यात आपल्यासारखी ग्रामपंचायत असते का? गावाचा कारभार कोण बघतं?

असते. तिला पॅरिश कौन्सिल म्हणतात आणि ती १८९४ च्या कायद्याने आली. मी नॉटिंगहॅमशायरमधल्या एका खेड्यात राहतो, म्हणून जवळून बघायला मिळतं. आपल्या सरपंचाच्या मानाने तिचे अधिकार थोडे. रस्ते काउंटीकडे (आपल्या जिल्ह्यासारखी), बांधकाम परवानगी तिच्याखालच्या डिस्ट्रिक्टकडे (आपल्या तालुक्यासारखा). पॅरिशला फक्त मत विचारतात. गावचा हॉल, दफनभूमी, खेळाचं मैदान, भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे, अशी कामं तिची. पैसा घरपट्टीसारख्या करातून येतो. सदस्यांना पगार नाही; ग्रामसेवकाच्या जागी असलेला क्लार्क मात्र पगारी. वर्षातून एकदा ग्रामसभाही भरते, १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान, आणि तिथे गावचा कुठलाही मतदार उठून बोलू शकतो.

पण खरा गावकारभार बघायचा असेल तर आमच्याच काउंटीतलं लॅक्स्टन बघा. तिथे मध्ययुगातली शेतीची पद्धत अजून चालू आहे. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तीन मोठी शिवारं. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड, आणि दरवर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्हीकडे विखुरलेल्या. दोन पट्ट्यांमध्ये ना बांध, ना कुंपण!

आमच्या घरात हातभर बांध कोरल्यावरून आजोबांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या दोन पिढ्या बोलत नव्हत्या. त्यामुळे हे डोळ्यांनी बघेपर्यंत मला पटत नव्हतं.

मग एका नोव्हेंबरअखेर गेलो. त्या दिवशी गावातल्याच शेतकऱ्यांची ज्युरी, म्हणजे पंचमंडळी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नव्याने गहू पेरलेलं शिवार बघायला निघते. चिखल घोट्यापर्यंत. पट्ट्यांची हद्द खुंट्यांनी दाखवतात. एक म्हातारा एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीकडे डोळा लावून सरळ रेषा बघत होता, हाताने ‘थोडं डावीकडे’ खुणावत होता, आणि तरुण गडी मोठ्या हातोड्याने खुंटी ठोकत होता. कोणी रस्त्यात किंवा सामाईक गवतात नांगर घातला असेल तर त्याची नोंद होते. आठवड्याभराने डव्हकोट इन या गावातल्या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे जुन्या काळापासूनचं गावकोर्ट, भरतं आणि दंड ठरतो. रक्कम किरकोळ असते. पण दंड शेजाऱ्यांनी, सगळ्यांसमोर ठरवलेला असतो, आणि माझ्या मते जरब त्याचीच आहे.

जमीन मात्र या शेतकऱ्यांच्या मालकीची नाही, ते कुळं आहेत. १९५२ मध्ये ती सरकारी कृषी मंत्रालयाने घेतली, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणारी संस्था) गेली, २०२० मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जहागिरीने विकत घेतली. मालक बदलत गेले, ज्युरी दरवर्षी ट्रॉलीत बसतच राहिली.

खुंट्यांचा फोटो बाबांना पाठवला तर त्यांचा लगेच फोन: “रात्रीतून कोणी उपटत नाही का रे?” मी तेच त्या म्हाताऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, “उपटून काय करणार? ती कुठे होती हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.”