पेशी अमर झाली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही

‘एचपीव्हीची जनुकं त्वचेच्या पेशीत शिरली की कॅन्सर होतोच का? माझ्या हातावर चामखीळ आहे,’ असं तुम्ही विचारलंय. एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस; त्याचे अनेक प्रकार आहेत, काहींमुळे चामखीळ येते, काहींमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो. या ‘होतोच’वरून मी एकदा भांडले आहे, म्हणून लिहिते.

पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी ३ वर्षं केरॅटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या मुख्य पेशी, वाढवत होते. सुंतेत निघालेल्या त्वचेपासून मिळणाऱ्या या पेशी फार नाजूक. कॅल्शियम जरा वाढलं की विभाजन सोडून पक्व व्हायला लागतात. दिवाळीतही एक दिवसाआड मीडिया (पेशींचं पोषक द्रव) बदलायला मी जायचे. तरी काही पॅसेजनंतर (पेशी काढून नव्या भांड्यात वाढवायच्या फेऱ्यांनंतर) त्या पसरट होऊन थांबायच्याच. शेजारच्या फ्लास्कमधल्या पेशींत कॅन्सरशी जोडलेल्या एचपीव्ही-१६ या प्रकाराची ई६ आणि ई७ ही जनुकं घातली होती. त्या थांबेचनात, म्हणजे अमर झाल्या होत्या.

ई७ पेशीच्या आरबी प्रथिनाला निकामी करतं, विभाजनाचा ब्रेक सुटतो. अशा सुटलेल्या पेशीला पी५३ हे राखणदार प्रथिन मारून टाकतं, तर ई६ पी५३लाच संपवतं, वर टेलोमरेजही (गुणसूत्रांची टोकं झिजू न देणारं एन्झाइम) चालू करतं. विषाणूला यात कॅन्सर नको असतो. त्वचेच्या वरच्या थरांत विभाजन थांबलेलं असतं आणि त्याला स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढायला पेशीची यंत्रणा चालू हवी असते, एवढंच.

सरांनी पोस्टरवर त्या फ्लास्कच्या फोटोखाली ‘कॅन्सर पेशी’ असं लिहिलं. मी म्हटलं, सर, या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचल्या तरी गाठ येत नाही. ‘तू टेक्निशियन आहेस, पेशी सांभाळ,’ म्हणाले. पोस्टर तसंच लागलं. सर चुकले होते, हे मी आजही म्हणते. त्याच पेशींत पेशीची वाढ चालवणारं रास जनुक बिघडलेल्या रूपात घाला, किंवा खूप काळ वाढवून आणखी बिघाड साचू द्या, मग गाठ येते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरलाही संसर्गानंतर बहुधा १०-२० वर्षं लागतात आणि तपासणीत त्याआधीचे बदलच पकडता येतात. सगळ्यालाच कॅन्सर म्हटलं की ही मधली वर्षंच पुसली जातात. म्हणून ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ रिपोर्ट आलेल्या बाईला कोणी कॅन्सर झाला म्हणालं, तर त्याला तिथेच अडवा.

हो, तुमची चामखीळ. हातावरचे एचपीव्हीचे प्रकार वेगळे असतात, त्यांची ई६-ई७ इतकी जोरकस नसतात, घाबरू नका. मात्र एपिडर्मोडिस्प्लेझिया व्हेरुसिफॉर्मिस या दुर्मिळ आनुवंशिक आजारात एचपीव्ही-५ आणि ८मुळे, उन्हाच्या जोडीने, त्वचेचा कॅन्सर होतो. आणि चामखीळ भराभर वाढत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल, तर माझं उत्तर वाचत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.