सशाचं दुखणं कळत नाहीये? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

मिरजेहून एक ताई लिहितात: आमचा नर ससा चार वर्षांचा आहे. आठवडाभर अर्धवट खातोय. रक्त, एक्सरे सगळं नॉर्मल, दोन डॉक्टर झाले, कुणालाच काही कळेना. कालपासून तर लेंड्या अगदी बारीक पडतायत आणि आज सकाळपासून तोंडाला काहीच लावलं नाही. घरी काय करू?

ताई, हे वाचत असाल तर आधी डॉक्टरांना फोन लावा, बाकीचं नंतर वाचा. सशाने दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही की ती इमर्जन्सीच धरायची, कारण त्याचं आतडं सतत चालू लागतं, ते मंदावलं की गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं अजून मंदावतं. आजाराचं नाव कळेपर्यंत थांबायला वेळच नसतो. डॉक्टरांकडे वेदनेचं औषध आणि कातडीखाली सलाईन मागा. कान गार लागत असतील तर ताप मोजायला सांगा, सशाचा साधारण 101 ते 103 फॅरनहाइट असतो, 100 च्या खाली असेल तर आधी ऊब द्यायची, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायची, आणि अंग गरम झाल्यावरच भरवायचं. पोट फुगून ताठ झालं असेल तर मात्र जबरदस्तीने काही भरवू नका, आत काही अडकलेलं असू शकतं.

भरवायचं झालं तर पेलेट, म्हणजे सशाच्या खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून एकदम बारीक वाटा, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरा. ससा चार पायांवरच राहू दे, पाठीवर कधीच नाही. पुढच्या दातांमागे बाजूला जी मोकळी जागा असते तिथून थोडं थोडं सोडा, एका वेळी मिलीभरच, तो चावून गिळतोय का बघा, मगच पुढचं. घाई केली की फुप्फुसात जातं. दिवसभरात सशाच्या वजनाच्या किलोमागे साधारण 50 मिली, चार-पाच वेळात वाटून. हे भरवणं कंटाळवाणं आहे, पण ससे वाचतात ते बऱ्याचदा यावरच.

आता कारणाचं. मला तरी आधी दाढांचा संशय येतो. सशाचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढतात, गवत कमी पडलं की दाढांना टोकं येतात आणि ती जिभेला, गालाला टोचतात. तोंड इतकं अरुंद असतं की वरवर बघून दाढा दिसतच नाहीत, एक्सरेतही बारीक टोकं सुटू शकतात. खाण्यापाशी येऊन परत फिरतो का, हनुवटी ओली राहते का, कोथिंबीर खातो पण वाळलं गवत सोडतो का, एवढं लिहून डॉक्टरांना दाखवा आणि गुंगी देऊन तोंड आतून बघता येईल का विचारा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी मिळाली तर जाऊन या, पण ऊन चढायच्या आत निघा. आणि गुंगी द्यायची म्हणून उपाशी नेऊ नका हं, सशाला उलटी होत नाही.

कराडहून एक कॉलेजचा मुलगा: मान एकाएकी वाकडी झाली, लोळत जातो. घरचे म्हणतात आता सोडवून टाका त्याला.

एवढ्यात नको रे. बहुतेक वेळा कानाच्या आतलं इन्फेक्शन तरी असतं नाहीतर एन्सेफॅलिटोझून नावाचा परजीवी. परजीवीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तरी तो कधीतरी अंगात शिरला होता एवढंच कळतं, आजचं दुखणं त्याचंच हे सिद्ध होत नाही, म्हणून डॉक्टर पुष्कळदा दोन्हीवर उपचार धरून चालतात, परजीवीवरचं फेनबेन्डाझोल हे औषध सहसा 28 दिवस द्यावं लागतं. तोवर खोक्याला चारी बाजूंनी टॉवेलच्या गुंडाळ्या लावा, गवत आणि पाणी तोंडाशी ठेवा. जमिनीकडचा डोळा रोज बघ, तो घासला जाऊन कोरडा पडतो, ड्रॉप्स विचारून घे. मान थोडी वाकडीच राहिली तरी कितीतरी ससे पुढे मजेत जगतात.

विट्याहून: घरात पोराचं अमॉक्सिसिलिनचं सिरप उरलंय, थोडं देऊ का? आणि कुत्र्याचा गोचिडाचा स्प्रे चालेल का?

दोन्ही नाही. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटातले चांगले जंतू मारतं आणि त्यातून ससा दगावू शकतो. गोचिडाच्या स्प्रेमध्ये फिप्रोनिल असेल तर तेही सशाला विषारी. दिलं गेलं असेल तर बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा.

साताऱ्याहून एक काका: सगळे उपचार झाले, कारण शेवटपर्यंत कळलं नाही. आता थांबावं का? जोडीला दुसरी सशी आहे.

काका, कारण कळलं नाही म्हणजे तुमचं काही कमी पडलं असं अजिबात नाही. ससा दुखणं लपवतो, आपल्याला दिसतं तेव्हा बऱ्याचदा फार उशीर झालेला असतो. थांबायचं कधी ते आजाराच्या नावावर नाही, त्याच्या दिवसावर ठरवा. वेदनेचं औषध देऊनही दात करकर वाजवत कोपऱ्यात बसून राहतो, स्वतःहून एक पान खात नाही, तोंड साफ करत नाही, आणि असे दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त झाले, तर डॉक्टरांशी दयामरणाचं मोकळेपणी बोला. आधी गुंगी द्यायला सांगा. सशीला तोवर त्याच्यापासून तोडू नका, आणि गेल्यावरही तिला थोडा वेळ त्याच्याजवळ बसू द्या. पुढचे काही दिवस तिचं खाणं आणि लेंड्या रोज बघा, जोडीदार गेल्यावर खाणं सोडणारे ससे मी पाहिलेत, आणि तिने सोडलं तर वरचे दहा-बारा तास तिलाही लागू आहेत.