क्रेन उतरवायच्या पहिल्या कामाआधी

पूर्ण उभी केलेली कंटेनर क्रेन जहाजावरून किनाऱ्यावर येताना पहिल्यांदा पाहशील तेव्हा नजर वर, बूमकडे, म्हणजे क्रेनच्या लांब हाताकडे जाईल. तू मात्र पाण्याकडे बघ. हजार टनांहून जड क्रेन डेकवरून रुळांवर सरकत धक्क्याकडे येते, तेव्हा जहाज आधी त्या बाजूला कलतं आणि पुढचे पाय धक्क्यावर टेकले की वजन उतरल्याने वर उचलतं. त्यात भरती-ओहोटी चालूच असते. डेक आणि धक्का एका पातळीत ठेवायचं काम बॅलास्ट पंपांचं; ते जहाजाच्या टाक्यांत पाणी भरतात आणि काढतात. म्हणून राखीव पंप चालवून पाहिल्याशिवाय होकार देऊ नकोस, कोणी कितीही घाई केली तरी. मी एकदा दिला होता; मधेच पंप बंद पडला आणि ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही.

प्रवासासाठी वेल्ड केलेले आधार लवकर कापू नकोस. हवामान आणि भरतीची वेळ पक्की झाल्यावरच कापायचे, नाहीतर मोकळी क्रेन डेकवर उभी राहते. समुद्रातल्या सततच्या हेलकाव्यांनी पोलाद थकतं, तेव्हा बूमच्या बिजागरीपाशी आणि आधार जोडले होते तिथे भेगा आहेत का, ते तपासून घे.

वाटेतले पूलही आधीच मोजायचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड बंदरात जाणाऱ्या क्रेन गोल्डन गेट पुलाखालून बूम आडवी ठेवून, ओहोटी साधून नेतात.

आणि हो, धक्क्याची भार पेलायची क्षमता कागदावर लिहून माग.