पेढ्यांआधी पत्र

परळ, मुंबई

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

महापालिकेच्या पाणी खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाल्याचं तुझं पत्र आलं. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहून रात्री आमच्या शाळेत डोळे चोळत बीजगणित सोडवणारा मुलगा आज या शहराचं पाणी सांभाळणार आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण पत्राच्या शेवटी तू एक वाक्य लिहिलं आहेस आणि मी तिथे अडलो. ‘ज्यांच्यामुळे इथवर आलो त्या सगळ्यांचे आभार मानायचे आहेत, पण आधी प्रोबेशन संपू दे, स्वतःची खोली होऊ दे, मग एकेकाला पेढे घेऊन भेटेन.’ हे ‘मग’ मला पटलेलं नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

तुझ्या यादीतली माणसं मला माहीत आहेत. नायगावची मावशी, जिने एका खोलीच्या संसारात तुझ्यासाठी पोटमाळा रिकामा केला. दुकानाचे शेठ, परीक्षा आली की न मागता तुला तासभर आधी सोडणारे. वाचनालयातले काका. डिप्लोमाचे सर, जे गेल्या वर्षी गेले असं तूच लिहिलं आहेस. उरलेल्यांपैकीही कुणी तरुण नाही. आणि ही मुंबई आहे बाबा. इथे माणूस धडधाकट असला तरी त्याचा पत्ता हरवतो. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या तेव्हा माझ्या वर्गात बसणारे कितीतरी कामगार कोकणात, घाटावर परत गेले. काही बदलापूर-विरारकडे सरकले आणि पुन्हा कधी भेटले नाहीत. आता बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. जन्मभर समोरासमोर राहिलेली कुटुंबं वेगवेगळ्या संक्रमण शिबिरांत गेली. तुझी स्वतःची खोली होईपर्यंत ही सगळी माणसं आहेत तिथेच थांबतील, असं धरून चालू नकोस.

शिवाय तुझी खरी अडचण प्रोबेशन नाही. तुला संकोच वाटतो. तो आपल्या घरांतूनच येतो. आपण निकाल लागला की पाया पडतो, पेढा हातावर ठेवतो, समोरचा ‘मोठा हो’ म्हणतो आणि विषय संपतो. यात प्रेम भरपूर असतं. पण त्या माणसाने नेमकं काय केलं आणि त्याने आपल्यात काय बदललं, हे कुणी कुणाला सांगत नाही. समजून घ्यायचं असतं, असं आपण मानतो. माझं मत असं, की पुष्कळदा समोरच्याला ते समजलेलं नसतं.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2018 साली याच संकोचावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना धास्ती होती की समोरचा अवघडेल, शिवाय आपले शब्द नीट जमतील का याचीही काळजी होती. वाचणाऱ्यांना विचारलं तेव्हा निघालं भलतंच. ते अंदाजापेक्षा कमी अवघडले होते आणि कितीतरी जास्त सुखावले होते. शब्द कसे जुळलेत यापेक्षा त्यांना त्यातली आपुलकी मोलाची वाटली होती. मला हे वाचून नवल वाटलं नाही, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

विशीत मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचायचो. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापण्याचा काळ होता तो. तिथले फोरमन चूक दिसली की ओरडायचे नाहीत, चूक दाखवायचेही नाहीत. प्रुफावर त्या ओळीशी शाईने काळं झालेलं बोट ठेवायचे आणि गप्प राहायचे. चूक मला सापडेपर्यंत ते बोट हलायचं नाही. मागे मशीनवाला फर्म्यासाठी घाई करत असायचा, तरी नाही. पुढे रात्रशाळेत शिकवायला लागलो तेव्हा माझ्याही नकळत मी तेच करू लागलो. चुकलेल्या पायरीवर खडू टेकवायचा आणि थांबायचं. तुलाही आठवत असेल.

फोरमनना हे कळायला काही वाटच नव्हती. म्हणून एका दिवाळीत मी त्यांच्या ठाकूरद्वारच्या चाळीत गेलो. बोलताना अडखळेन म्हणून कागदावर लिहून नेलं होतं. वाचायला लागलो. ‘तुम्ही बोट ठेवून थांबायचात’ या वाक्याशी त्यांनी मला हाताने थांबवलं आणि आत हाक मारली, ‘अगं, बाहेर ये, हा काय म्हणतोय ऐक.’ मग मला पहिल्यापासून वाचायला लावलं. वाचून होतंय तोवर शेजारच्या खोलीतले भाऊ गॅलरीतून डोकावले, तर त्यांच्यासाठी पुन्हा एकदा. मी निघालो तेव्हा त्यांनी कागद मागून घेतला, घडी केली आणि ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड नि भाडेपावत्या होत्या तिच्यात ठेवला.

‘तुमचे उपकार कधीच विसरणार नाही’ असं त्या कागदावर असतं तर त्यांनी तो सांभाळून ठेवला असता असं मला वाटत नाही. ते वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकतो. ते बोट फक्त त्यांचं होतं. तेव्हा लिहिताना मोठे शब्द शोधत बसू नकोस. त्या माणसाची एखादी लकब, एखादी कृती धर, आणि तिच्यामुळे आज तू काय वेगळं करतोस ते सांग.

16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर सचिन तेंडुलकरचं निरोपाचं भाषण झालं, ते कधीतरी या नजरेने ऐक. एखादं नाव राहून जाऊ नये म्हणून तो हातात यादी घेऊन उभा होता. आणि त्या यादीत नुसती नावं नव्हती. बहिणीने दिलेली पहिली बॅट काश्मीर विलोची होती, हे त्याने सांगितलं. शाळा जवळ पडावी म्हणून तो काका-काकूंकडे राहायचा. दिवसभर खेळून दमलेला तो अर्धवट झोपेत असायचा तेव्हा काकू त्याला भरवायच्या, हे सांगितलं. आचरेकर सर स्कूटरवरून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर कसे न्यायचे, आणि डोक्यात हवा जाऊ नये म्हणून त्यांनी कधी ‘छान खेळलास’ असं म्हटलं नाही, तेही सांगितलं. सगळ्या जगाने त्याला पाहिलं होतं. त्या दिवशी त्याने जगाला त्या काकू दाखवल्या. सर तेव्हा हयात होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 2 जानेवारी 2019 ला ते गेले.

गेलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न तुझ्या पत्रात न विचारताच आला आहे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचं लक्ष गेलं. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं, पुढे सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट केली. आयुष्याच्या अखेरीस बुद्धावरच्या आपल्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिताना बाबासाहेबांनी तो प्रसंग आणि ते पुस्तक नावानिशी नोंदवलं. केळुसकर 1934 सालीच वारले होते. 1946 मध्ये शूद्रांच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला. फुले 1890 मध्ये गेले आणि बाबासाहेबांचा जन्म 1891 चा; भेट होणं शक्यच नव्हतं. तरी ऋण मोकळेपणाने लिहून मांडलं. असंख्य लोकांनी ते वाचलं आणि त्यातल्या कित्येकांना केळुसकर हे नाव तिथेच पहिल्यांदा कळलं असेल.

तुझ्या डिप्लोमाच्या सरांच्या मुलीला लिही. घरच्यांना माणूस घरातलाच ठाऊक असतो. वर्कशॉपमध्ये पाइपांची जोडणी शिकवताना ते कसे होते, पोरांना कसे वागवायचे, हे तिला तू सांगितल्याशिवाय कुठून कळणार? वडिलांचा एक नवा भाग तिला मिळेल. यापेक्षा मोठी भेट तुझ्या पगारात बसणार नाही.

आता जरा अवघड गोष्ट. तू पाणी खात्यात आहेस, म्हणजे आभार आणि परतफेड यांची गल्लत तुझ्या बाबतीत लवकर होईल. यादीतलंच कुणीतरी उद्या येईल आणि म्हणेल, आमच्या सोसायटीची जोडणी पुढे घे, एवढं काय, आम्ही तुझ्यासाठी केलंच की. तेव्हा मान खाली घालू नकोस. जे त्यांनी दिलं ते त्यांचं स्वतःचं होतं: पोटमाळा, वेळ, शब्द. तू परत करायचं तेही तुझं स्वतःचं असलं पाहिजे. त्यांना दवाखान्यात ने, त्यांच्या नातवाचं गणित घे, रात्री-अपरात्री हाकेला धावून जा. खात्याचं पाणी तुझं नाही. कृतज्ञ माणसाने मिंधं व्हायचं नसतं, आणि ज्याने खरोखर मनापासून दिलं तो तुला मिंधं करणारही नाही. उलट, स्पष्ट शब्दांत आधीच आभार मानले असलेस तर नाही म्हणणं सोपं जातं. न बोललेलं ऋणच मनाला जास्त टोचतं.

तसंच, ज्यांच्याशी नंतर पटलं नाही त्यांनाही यादीतून काढू नकोस. शेठचं आणि तुझं शेवटी पगारावरून वाजलं होतं, मला आठवतं. त्या भांडणात तुझी बाजू खरी होती, असं मी आजही म्हणेन. पण तासभर आधी सोडायचे तेही खरंच होतं. तेवढ्यापुरते आभार मान, भांडणाचा विषय काढू नकोस.

गुरुपौर्णिमेला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकच चित्र पाठवून मोकळं होऊ नये, एवढंच त्या बाबतीत सांगतो. स्टेटसला फोटो लावायचा तर खुशाल लाव, पण आधी त्या माणसाला स्वतः सांग. आणि उत्तराची वाट बघत बसू नकोस. काहींना काय बोलावं सुचत नाही, ते विषय बदलतात, चहा टाकतात. टाकू दे.

मावशीला वाचता येत नाही, तेव्हा तिला कागद नको. तिच्या घरी जा आणि मेव्हण्यांसमोर, सुनेसमोर तोंडाने सांग. पोटमाळ्यावर दिवा चालू असायचा म्हणून ती स्वतः डोळ्यांवर पदर घेऊन झोपायची, हे तू मला सांगितलं होतंस. तिला कधी सांगितलंस का? शेठना पत्र दुकानाच्या पत्त्यावर नको, घरच्या पत्त्यावर टाक, म्हणजे गिऱ्हाइकांच्या गर्दीत फोडलं जाणार नाही. अक्षर मोठं काढ, काळ्या शाईने. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं.

प्रकृतीला जप. पहिल्या पगारातून स्वतःसाठी चांगले बूट घे, तुझं काम उन्हापावसातलं आहे.

तुझे,
रात्रशाळेचे सर

ता. क. वाचनालयातले काका या महिन्याअखेर निवृत्त होताहेत, असं कालच कळलं. त्यानंतर ते राजापूरला गावी कायमचे जाणार. तेव्हा पहिलं पत्र त्यांना लिही, आणि शनिवारी वाचनालय बंद व्हायच्या आत स्वतः नेऊन दे.