एआय एजंटसाठी स्क्रीनशॉट टूलचं वर्णन कसं लिहावं?
स्क्रीनशॉट बरोबर येतो, पण एजंटचं (म्हणजे स्क्रीन पाहून स्वतः संगणक चालवणाऱ्या एआयचं) क्लिक भलतीकडेच पडतं, असं तुम्ही म्हणताय. बहुतेक वेळा कारण एकच: टूलच्या वर्णनात, म्हणजे टूल कसं वापरायचं हे एजंटला सांगणाऱ्या मजकुरात, निर्देशांकांचं एकक लिहिलेलं नसतं. ॲपलच्या रेटिना (जास्त पिक्सेल घनतेच्या) स्क्रीनवर १४४०×९०० पॉइंटच्या डेस्कटॉपचं चित्र २८८०×१८०० पिक्सेलचं येतं. एजंट चित्रावर पिक्सेलमध्ये मोजतो, क्लिक मात्र पॉइंटमध्ये धरलं जातं, म्हणून ते दुप्पट अंतरावर जातं. म्हणून आरंभबिंदू (डावा-वरचा कोपरा), एकक आणि स्केल (एका पॉइंटला किती पिक्सेल) अगदी सुरुवातीलाच लिहा. विंडोजवर मुख्य मॉनिटरच्या डावीकडे दुसरा असेल तर त्याचे एक्स निर्देशांक ऋण येतात, तेही नोंदवा.

परवानगीचा मुद्दा मात्र अजिबात गाळू नका. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी नसली, तर एरर न येता नुसता वॉलपेपर मिळू शकतो. एजंटला वाटतं सगळं बंद आहे, आणि तो तसाच पुढे काम करत सुटतो.