ढाक बहिरीच्या गुहेत आम्ही मित्रांनी जावे का?

किल्ल्यांवर नेहमी भटकणाऱ्या, परंतु दोराच्या साहाय्याने कातळ चढण्याचा अनुभव नसलेल्या मित्रांनी ढाक बहिरीच्या गुहेत जावे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की अवश्य जावे, मात्र दोर लावणे आणि बिले देणे, म्हणजे चढणारा घसरला तरी पडू नये म्हणून त्याला बांधलेला दोर धरून सांभाळणे, ज्यांना नीट येते असे दोन जाणकार सोबत असतील तरच. एक जाणकार का पुरत नाही, हे पुढे सांगतो.

या गुहेकडे दोन बाजूंनी जाता येते. कर्जतकडून सांडशी गावातून येणारी वाट चढाची आहे; पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कामशेतला उतरून जांभिवली आणि कोंडेश्वर मंदिरामार्गे येणारी वाट त्या मानाने सोपी असली, तरी जंगलात तिला ढोरवाटा फुटतात आणि चुकणे सहज शक्य असते. आम्ही जांभिवलीहून गेलो होतो आणि गावातला एक वाटाड्या बरोबर घेतला होता. पुढे कळकराईचा सुळका आणि ढाकचा कडा यांच्यामधली खिंड येते. ती इतकी अरुंद आहे की पाठीवरची पिशवी काढून हातात घ्यावी लागते, आणि तेथून खाली उतरणारी घळ निसरडी व सुट्या दगडांची आहे. पुढच्या माणसाच्या डोक्यावर दगड जाऊ नये म्हणून एकेकानेच उतरावे आणि हेल्मेट येथेच चढवावे.

घळ उतरल्यावर कड्याला बिलगून आडवे जावे लागते आणि मग गुहेखालची सरळ चढाई येते. कातळात पाय ठेवण्यासाठी खोदलेल्या पावठ्या आहेत, लोकांनी बांधून ठेवलेले दोर आहेत आणि एका टप्प्यावर चढण्यासाठी झाडाचे खोड उभे केलेले असते. या दोरांवर भार टाकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ऊन-पाऊस खाल्लेला दोर आतून किती कुजला आहे, हे वरून पाहून कळत नाही. स्वतःचा दोर आणि प्रत्येकाला हार्नेस, म्हणजे दोर अडकवण्यासाठी कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा, हवाच.

चढताना पावठ्या डोळ्यांसमोर असतात. उतरताना मात्र स्वतःच्याच शरीराआड त्या दिसेनाशा होतात आणि पाय चाचपडू लागतो. वर हसतखेळत पोहोचलेला माणूस उतरताना खोडाशी येऊन थिजून जातो, ते याचमुळे. त्या वेळी वरून बिले देणारा एक आणि खाली उभा राहून ‘डावा पाय वीतभर खाली, आता उजवीकडे’ असे शांतपणे सांगणारा दुसरा, असे दोघे लागतात. म्हणून दोन जाणकार. गटही लहान असावा, कारण थांबायला जागा चिंचोळी आहे आणि मोठा गट उतरता उतरता अंधार पडतो.

गुहा कड्याच्या पोटात आहे आणि तिच्यात बहिरीचे ठाणे आहे. परिसरातील लोकांची या देवावर अपार श्रद्धा आहे, त्यामुळे पादत्राणे बाहेर काढणे आणि आवाज आवरता घेणे एवढे भान पाहुण्याने राखलेच पाहिजे. आत पाण्याची टाकी आहेत. मला या गुहेत सर्वांत मोलाची वाटते ती तिथली भांड्यांची रीत. देवाच्या नावाने ठेवलेली ही भांडी येणाऱ्या कोणीही स्वयंपाकासाठी घ्यावीत आणि घासून-पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवावीत, असा शिरस्ता आहे. त्यांतले एखादे कोणी घरी नेले तर बहिरीचा कोप होतो, असे गावकरी मानतात. ज्या कड्यावर रिकाम्या हातांनी चढतानाही छाती धडधडते, तेथे कोणीतरी ही जड भांडी वाहून नेली आणि अनोळखी माणसांसाठी ठेवून दिली, याचे मला फार अप्रूप वाटते. आपण ती वापरलीत तर राखेने स्वच्छ घासा, आणि खरकटे टाक्यात जाऊ देऊ नका, कारण मागून येणारा तेच पाणी पिणार असतो.

गुहेच्या तोंडाशी बसले की राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले दिसतात, आणि हवा स्वच्छ असेल तर नागफणीचे टोकही ओळखू येते. तेथे बसायला वेळ ठेवा.

पावसाळ्यात मुळीच जाऊ नका. कातळावर शेवाळ धरते आणि घळीतून पाणी वाहते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला उत्तम वाटतो. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते, म्हणून धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. सोबतच्यांपैकी कोणी खिंडीतूनच परत फिरावे म्हणाला, तर त्याला आग्रह करू नये आणि एकट्याला परतही पाठवू नये. एकाने त्याच्याजवळ थांबावे, आणि ते कोण हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.